तीन रन, दोन साइट: फॉस्फोरायलेशनची जागा दर वेळी सरकते तेव्हा

मी मास स्पेक्ट्रोमीटर चालवते, म्हणजे रेणू आणि त्यांचे तुकडे यांचं मास मोजणारं मशीन. प्रोटीनवर फॉस्फेट चढणं म्हणजे फॉस्फोरायलेशन, आणि तो कुठल्या अमिनो आम्लावर बसलाय ती साइट. ती शोधायला प्रोटीन कापून त्याचे तुकडे, म्हणजे पेप्टाइड्स, मशीनला देतात. महिन्यातून एकदा तरी ही तक्रार माझ्या टेबलाशी येतेच. कधी पाषाणहून, कधी गणेशखिंडीतून, कधी हिंजवडीहून. माणूस वेगळा, प्रोटीन वेगळं, वाक्य तेच: "ताई, तेच सॅम्पल, तेच पेप्टाइड. पहिल्या रनला फॉस्फो थ्रिओनीनवर, दुसऱ्याला शेजारच्या सेरीनवर, तिसऱ्याला परत थ्रिओनीनवर. मशीन गंडलंय का?"

मशीन गंडलं की लक्षणं वेगळी असतात. मास सरकतं, स्प्रे तुटतो, त्या आठवड्यात सगळ्यांचीच सॅम्पल्स रडतात. एकाच पेप्टाइडची साइट एक घर इकडे, एक घर तिकडे होत असेल तर मशीनला सोडा. सॉफ्टवेअरच्या यादीचं एक्सेल बंद करा आणि स्पेक्ट्रम, म्हणजे पेप्टाइड फोडून निघालेल्या तुकड्यांच्या मासचा आलेख, उघडा.

गेल्या पावसाळ्यात पीएचडीची एक मुलगी हेच घेऊन आली होती. तिची केस सविस्तर सांगते, कारण नेहमीची दोन कारणं तिच्यात एकमेकांत अडकली होती. खरा सीक्वेन्स तिच्या पेपरच्या आधी देता येत नाही, म्हणून तसंच एक पेप्टाइड बेतून आकडे काढलेत. भानगड हुबेहूब तीच. पेप्टाइड असं: व्हॅलीन, ल्युसीन, ग्लायसीन, सेरीन, थ्रिओनीन, प्रोलीन, ग्लुटामिक आम्ल, अॅलनीन, ल्युसीन, आर्जिनीन. चौथ्या जागी सेरीन, पाचव्या जागी थ्रिओनीन, लगेच पुढे प्रोलीन. भांडण चौथ्या आणि पाचव्यात.

फॉस्फोरायलेशन झालं की मास ७९.९६६ने वाढतं. या पेप्टाइडवर एक फॉस्फेट चढला की दोन चार्जचा आयन ५६१.७८ला दिसतो (मशीन मास भागिले चार्ज दाखवतं). तो तिन्ही रनमध्ये होता, अगदी जागच्या जागी. सल्फेटचंही मास जवळपास तेवढंच, ७९.९५७, पण इथे त्या फरकाने साडेआठ पीपीएमची (दहा लाखांत साडेआठ) चूक दिसली असती आणि ती ऑर्बिट्रॅपच्या, म्हणजे मशीनमधल्या अचूक मोजणाऱ्या भागाच्या, नजरेतून सुटत नाही. म्हणजे पेप्टाइड तेच आणि त्यावर फॉस्फेट एकच, एवढं पक्कं. पण अख्ख्या पेप्टाइडचं मास म्हणजे पत्त्यावर नुसतं "सदाशिव पेठ" लिहिण्यासारखं आहे. पेठ बरोबर, पण पोस्टमनने कुठल्या वाड्यात शिरायचं?

वाड्याचा नंबर तुकड्यांत असतो, आणि तोही सगळ्या तुकड्यांत नाही. लोक इथेच फसतात. मी तिला म्हटलं, "सेरीन की थ्रिओनीन हे कुठला पीक सांगेल, बोट ठेव." तिने स्क्रीनवरच्या सगळ्यात देखण्या पीकवर बोट ठेवलं: ५८५.३४. तो वाय-५. प्रोलीनच्या आधीचा बंध पटकन तुटतो, त्यामुळे तो नेहमीच उंच येतो आणि मुलं खूश होतात. पण वाय-५ म्हणजे प्रोलीनपासून शेवटपर्यंतचा, शेवटच्या पाच अमिनो आम्लांचा तुकडा. त्यात सेरीनही नाही आणि थ्रिओनीनही नाही. फॉस्फेट कुठेही असो, तो ५८५.३४लाच येणार. वाय-७चंही तसंच: त्यात दोघंही आहेत, म्हणून तो दोन्ही परिस्थितींत ८५३.३८.

न्याय फक्त त्या दोघांच्या मधून तुटलेला तुकडा करतो. आर्जिनीनच्या बाजूने मोजलं तर वाय-६: फॉस्फेट थ्रिओनीनवर असेल तर ७६६.३५, सेरीनवर असेल तर ६८६.३८. दुसऱ्या टोकाकडून बी-४: फॉस्फेट सेरीनवर असेल तर ४३७.१८, नसेल तर ३५७.२१. अख्ख्या स्पेक्ट्रममध्ये आपल्या कामाचे आकडे हे चार. माझा नियम असा आहे की रन लावण्याआधीच हे आकडे कागदावर लिहून आणायचे. पाच मिनिटांचं काम आहे, आणि नंतरचे दोन महिने वाचतात.

आता तिचा पहिला रन. आयन ट्रॅपमधला सीआयडी होता, म्हणजे वायूच्या रेणूंवर आपटून पेप्टाइड हळूहळू तापवत फोडणं. सगळ्यात उंच पीक ५१२.७९, बाकी सगळं गवत, म्हणजे बुटक्या पिकांचा गोंधळ. सेरीन-थ्रिओनीनवरचा फॉस्फेट तापवला की पाठीच्या कण्याचा बंध तुटायच्या आधी तोच फॉस्फोरिक आम्ल होऊन निसटतो: ९७.९७७ची घट, दोन चार्जला ४८.९९. तुकडे करायची सगळी ऊर्जा त्या एका निसटण्यात जाते. टायरोसीनचं तसं होत नाही, तो फॉस्फेट धरून बसतो आणि वर २१६.०४चा स्वतःचा छोटा आयन देतो. टायरोसीनवाले सुखी असतात.

त्या गवतात सॉफ्टवेअरला ६६८.३७ सापडला होता, आणि त्याच्या जोरावर "थ्रिओनीन" असं लिहून आलं होतं. सॉफ्टवेअरचं गणित असं: फॉस्फो-थ्रिओनीनवाला वाय-६ म्हणजे ७६६.३५, त्यातून फॉस्फोरिक आम्ल गेलं की ६६८.३७. बरोबर आहे. पण साध्या, फॉस्फेट नसलेल्या थ्रिओनीनचा वाय-६ घ्या, ६८६.३८. थ्रिओनीन पाणीही सोडतं. १८.०१ वजा करा. पुन्हा ६६८.३७. चौथ्या दशांशापर्यंत आकडा तोच, कारण दोन्हीकडे उरणारे अणू तेच आहेत. एचपीओ३ (फॉस्फेटची भर) चढवून एच३पीओ४ (फॉस्फोरिक आम्ल) काढणं आणि नुसतं पाणी काढणं, हिशेब एकच. जगातलं कितीही महागडं मशीन आणलं तरी ६६८.३७ फॉस्फेटकडून आला की पाण्याकडून, हे मासवरून सांगता येणार नाही. बी-४च्या बाजूलाही हाच सापळा आहे: ३३९.२०.

म्हणून ९८ वजा झालेला तुकडा एकटाच साक्षीदार असेल तर तो बाद. फॉस्फेट अजून अंगावर असलेला तुकडा हवा, आणि शक्यतो दोन्ही बाजूंचे. नुसता ६८६.३८ दिसला म्हणून "सेरीन" म्हणू नका, कारण क्वचित थ्रिओनीनवरचा फॉस्फेट ८०ने सुटूनही तो आकडा येतो. ६८६.३८ आणि ४३७.१८ एकत्र दिसले, तर मी सही करते. ट्रॅपमधल्या सीआयडीत फॉस्फेट शेजारच्या हायड्रॉक्सिलवर (शेजारच्या सेरीन-थ्रिओनीनच्या ओएच गटावर) उडी मारू शकतो, हेही दाखवलं गेलंय. रोज होतं असं नाही, पण शेजारी-शेजारी सेरीन-थ्रिओनीन असतील तर डोक्यात ठेवावं.

"पण सॉफ्टवेअरने तर साइट दिली होती ना?" सॉफ्टवेअर नेहमीच साइट देतं. त्याला रकाना रिकामा ठेवता येत नाही. साइटच्या शेजारी संभाव्यतेचा आणखी एक रकाना असतो, तो मात्र बहुतेकांनी रुंदी कमी करून झाकून टाकलेला असतो. तिच्या पहिल्या रनला त्यात थ्रिओनीन ०.५४, सेरीन ०.४६ होतं. म्हणजे नाणं उडवलं होतं. मॅक्सक्वांट या सॉफ्टवेअरमध्ये ०.७५च्या खालचं धरू नये हा रूढ दंडक आहे. साइटला गुण देणारं एस्कोर वापरत असाल तर १९च्या वर, म्हणजे चूक असण्याची शक्यता साधारण एक टक्का. मी आणखी एक खोडी करते: सॉफ्टवेअरला शोधायला लावताना अॅलनीनवरही फॉस्फेट चालेल असं मुद्दाम सांगते. अॅलनीनवर फॉस्फेट बसूच शकत नाही, त्यामुळे यादीत जितके फॉस्फो-अॅलनीन उगवतात त्यावरून बाकीच्या यादीत थापा किती असतील याचा अंदाज येतो. हे एकदा केलं की माणूस नम्र होतो.

मुलीच्या गाइडचं मत वेगळं होतं. "सेरीनच असणार. ८६ टक्के सेरीनच असतात." आकडा खरा आहे, २००६ साली हेला या मानवी पेशींवर झालेल्या गाजलेल्या कामात सेरीन, थ्रिओनीन, टायरोसीनचं प्रमाण साधारण ८६, १२ आणि २ असं निघालं होतं. पण पुण्यात दुचाक्या जास्त आहेत म्हणून दारात उभी असलेली गाडी दुचाकीच, असं कोणी म्हणत नाही. दार उघडून बघतो. सरांना हे मी अर्थातच असं बोलले नाही.

मग आम्ही फ्रॅगमेंटेशन, म्हणजे फोडायची पद्धत, बदललं. सीआयडी सोडून एचसीडी (जास्त जोराने आपटून फोडणं), ऊर्जा तीन पायऱ्यांत, आणि तुकड्यांचं मोजमापही ऑर्बिट्रॅपमध्ये. ५१२.७९ खाली बसला, गवतातून खरे पीक वर आले. लांब, तीन किंवा जास्त चार्जचं पेप्टाइड असेल तर ईटीडी (इलेक्ट्रॉन देऊन फोडणं) उत्तम. २००४ साली आलेल्या या पद्धतीत फॉस्फेटला धक्का न लावता कणा तुटतो. फक्त प्रोलीनच्या आधी तो तुटत नाही, आणि दोन चार्जच्या आखूड पेप्टाइडवर जीव लावत नाही. आमचं पेप्टाइड नेमकं तसलं, त्यामुळे तो नाद केला नाही.

एचसीडीवर पुन्हा तीन रन लावले. थ्रिओनीन, सेरीन, थ्रिओनीन. यावेळी संभाव्यता ०.९८, ०.९७, ०.९९. ती माझ्याकडे बघतेय, मी स्क्रीनकडे. पहिल्या रनला ७६६.३५ स्वच्छ, दुसऱ्याला ६८६.३८ आणि ४३७.१८ दोन्ही. कोणीच खोटं बोलत नव्हतं.

अशा वेळी स्पेक्ट्रमवरून नजर उचलून क्रोमॅटोग्रामकडे, म्हणजे मशीनच्या आधीच्या कॉलममधून काय कधी बाहेर पडलं त्या आलेखाकडे, न्यायची. फक्त ५६१.७८चा आलेख काढला. एक मोठी टेकडी आणि तिच्या डाव्या अंगाला, ३५ सेकंद आधी, एक बुटकी. वेताळ टेकडीच्या बाजूला कोणी मातीचा ढीग टाकावा तशी. आतापर्यंत कोणी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं, कारण सॉफ्टवेअरच्या यादीत टेकड्या दिसत नाहीत, फक्त नावं दिसतात.

दोन्ही साइट खऱ्या होत्या. काही रेणूंवर फॉस्फेट सेरीनवर, काहींवर थ्रिओनीनवर. मास एकच, पण कॉलममधून बाहेर पडायची वेळ किंचित वेगळी. मग प्रत्येक रनला एकच का दिसत होती? आमच्या मेथडमध्ये डायनॅमिक एक्स्क्लुजन ६० सेकंद होतं. म्हणजे एकदा ५६१.७८ फोडला की पुढचं मिनिटभर मशीन त्या आकड्याकडे ढुंकून बघत नाही, इतरांना संधी मिळावी म्हणून. नेहमीच्या लोडवर बुटकी टेकडी उंबरठ्याच्या खाली राहायची, मशीन तिला सोडून द्यायचं आणि मोठीवर फोडायचं: थ्रिओनीन. "दुसऱ्या रनला काही वेगळं केलं होतंस?" तिने वही उघडली. सिग्नल कमी वाटला म्हणून दोन्ही वेळा दुसरा रन दुप्पट इंजेक्ट केला होता. दुप्पट लोडला बुटकी टेकडी उंबरठा ओलांडायची, मशीन तिथेच फोडायचं, आणि मग मिनिटभर मोठी टेकडी डोळ्यांसमोरून निघून जायची: सेरीन.

थोडक्यात, सीआयडीच्या पहिल्या रनचं "थ्रिओनीन" हे उत्तर बरोबर होतं आणि त्यामागचं कारण चूक होतं. असं उत्तर मला चुकीच्या उत्तरापेक्षा जास्त छळतं.

उपाय एकदम साधा. असा संशय आला की एक्स्क्लुजन दहा सेकंदांवर आणा. किंवा त्याहून बरं म्हणजे पीआरएम लावा: मशीनला सांगायचं की या दहा मिनिटांत दुसरं काही नको, ५६१.७८ दर दोन सेकंदांनी फोडत राहा. मग ६८६.३८ आणि ७६६.३५ या दोघांचे वेगवेगळे आलेख काढा. आमच्याकडे पहिला बुटक्या टेकडीखाली बसला, दुसरा मोठीखाली. शेवटची खात्री बनवून घेतलेल्या सिंथेटिक पेप्टाइडने करावी, एक सेरीनवर फॉस्फेटवालं, एक थ्रिओनीनवर. महिनाभर वाट बघावी लागते आणि गाइडच्या कपाळावर आठी पडते, पण वेळ आणि स्पेक्ट्रम दोन्ही जुळले की विषय संपतो. आमचे जुळले.

यातून तिचं आणखी एक जुनं कोडं सुटलं. तिने थ्रिओनीनचं अॅलनीन केलेला म्यूटंट आधीच बनवला होता, आणि फॉस-टॅग जेलवर (यात फॉस्फेटवालं प्रोटीन मागे, वर राहतं) वरची पट्टी काही जात नव्हती. क्लोनिंग चुकलं म्हणून तिने तीनदा सीक्वेन्सिंगला पाठवलं होतं. पट्टी जाणार कशी, सेरीनवाला फॉस्फेट तिथेच होता. उलट असंही होतं की एक जागा बुजवली की कायनेज (फॉस्फेट चढवणारं एन्झाइम) शेजारच्या जागेवर बसतो, जिथे एरवी बसला नसता. म्हणून नुसत्या म्यूटंटवरून साइट ठरवू नये.

आता, वरचं सगळं करायला सिग्नल तर हवा. तो मरतुकडा असेल तर दोष बहुधा माझ्या खोलीच्या बाहेरचा असतो. सगळ्यात मोठा गुन्हेगार प्रवास. पेशींची पेलेट (तळाशी बसवलेला पेशींचा गोळा) बर्फात ठेवून स्कूटरवरून आणतात, विद्यापीठ चौकात पाऊण तास अडकतात, आणि पोचेपर्यंत जिवंत पेशींनी थंडीला घाबरून आपलं फॉस्फोरायलेशन बदलून टाकलेलं असतं. पेशी तुमच्याच लॅबमध्ये फोडा, ताज्या आठ मोलर युरियात किंवा उकळत्या एसडीएस या डिटर्जंटमध्ये, आणि गोठवून आणा. (युरिया ३७ अंशांच्या वर तापवू नका, ४३.००६ची भर पडून नवीनच भुतं दिसतात. एसडीएस वापरलं तर काढून आणा.) फॉस्फेट काढून टाकणाऱ्या फॉस्फेटेज एन्झाइम्सना रोखणारे इनहिबिटर बफरमध्ये ऐनवेळी घाला: सेरीन-थ्रिओनीनच्या फॉस्फेटेजसाठी फ्लोराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट, टायरोसीनच्या फॉस्फेटेजसाठी व्हॅनेडेट. व्हॅनेडेट पीएच १०ला आणून पिवळा रंग जाईपर्यंत उकळलेला हवा, नुसता पाण्यात विरघळवलेला नाही. आणि त्याच बफरमध्ये डीटीटी आणि ईडीटीए असेल तर व्हॅनेडेट घातला न घातला सारखाच.

माझ्या दारावर एक पाटी आहे: "सॅम्पलमध्ये ट्रायटन असल्यास परत न्यावे. थोडाच आहे असे सांगू नये." ट्रायटन या डिटर्जंटची ४४.०३च्या अंतराने उभी राहणारी ती पिकांची रांग ज्याने कॉलमवर एकदा पाहिली, त्याला ही पाटी उद्धट वाटणार नाही.

एनरिचमेंटमध्ये, म्हणजे फॉस्फेटवाली पेप्टाइड्स बाकीच्यांतून वेगळी काढताना, पीबीएसने (फॉस्फेटच्या बफरने) धुतलेलं सॅम्पल नीट डिसॉल्ट न करता (क्षार न काढता) टायटॅनियम डायऑक्साइडच्या बीड्सवर चढवतात आणि मग विचारतात की काहीच का धरलं नाही. बीड्सवर आधी तुमच्या बफरचाच फॉस्फेट जाऊन बसला, म्हणून. लोडिंगला ८० टक्के अॅसिटोनायट्राइल, ५ टक्के टीएफए आणि एक मोलर ग्लायकोलिक आम्ल असू द्या, नाहीतर ग्लुटामिक-अॅस्पार्टिकवाली साधी पेप्टाइड्सही चिकटतात. अमोनियाने काढलं की लगेच आम्ल घाला. चहाला जाऊन येतो म्हणू नका, त्या पीएचला फॉस्फेट गळायला लागतो.

आणि दर खेपेला कंट्रोल म्हणून दुधातलं बीटा-केसीन. ट्रिप्सिनने कापलं की एका फॉस्फेटचं पेप्टाइड एक चार्जला २०६१.८३ला आणि चार फॉस्फेटचं ३१२२.२७ला. पहिलं दिसतंय आणि दुसरं नाही, तर बीड्सचं प्रमाण आणि एलसीमधले (कॉलमच्या यंत्रणेतले) स्टीलचे भाग तपासा. जास्त फॉस्फेटवाली पेप्टाइड्स धातूला चिकटून बसतात. दोन्ही दिसत नसतील तर तुमचं मौल्यवान सॅम्पल त्या दिवशी चढवूच नका.

ती मुलगी गेल्या महिन्यात परत आली होती, यावेळी कागदावर चार आकडे लिहून. पेशींना प्रोलीनच्या आधीच्या सेरीन-थ्रिओनीनवर बसणाऱ्या कायनेजचा इनहिबिटर दिला होता. पीआरएम लावला, दोघी स्क्रीनसमोर बसलो. ७६६.३५ची मोठी टेकडी जवळपास सपाट झाली होती. डावीकडची बुटकी जिथल्या तिथे. "म्हणजे सेरीनवर बसणारा दुसराच कोणीतरी आहे," ती म्हणाली, आणि फाइल पेन ड्राइव्हवर घेताना यावेळी एक्सेल मागितलं नाही, रॉ डेटा मागितला.